गळ्यात मारलेला उजेड

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात त्याची उमर चालली होती. गिऱ्हाइकानं दार ढकललं की त्याच्या खिशाचा अंदाज त्याला आपसूक यायचा. त्या दिवशी आलेल्या बाईंच्या बाहीला कापलेले बारीक केस चिकटले होते. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं, एकाच खुर्चीचं. बहिणीनं आपला जुना कॅमेरा त्यांना दिला होता आणि आता आपल्या गिऱ्हाइकांचे चेहरे टिपून भिंतीवर लावायचे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "माझ्या दुकानात उजेडाची बोंब आहे. एक साधा फ्लॅश आणि ती पांढरी छत्री, एवढ्यात भागतं असं कुणीतरी म्हणालं. खरं का?"

अगदी खरं होतं. हातानं ताकद कमी-जास्त करायचा एक स्वस्तातला फ्लॅश, तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायला ट्रिगर, एक स्टँड आणि उजेड मऊ पसरवायला छत्री. शिकणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. सगळा माल त्याच्या पाठीमागच्या फडताळात होता. पण सकाळीच मालकांनी गोदामात पडून राहिलेल्या दिव्यांच्या खोक्यांकडे बोट दाखवलं होतं. "उंदरांनी खायच्या आत हे कुणाच्या तरी गळ्यात मारा. तुमचं कमिशन वेगळं देतो."

"फ्लॅशची भानगड अवघड असते, ताई," तो म्हणाला आणि खोकं काउंटरवर ठेवलं. "हे दिवे बघा. लावले की पेटतेच राहतात. डोळ्यांना दिसतं तेच फोटोत येतं. नवीन माणसाला हेच सोपं."

यातला एकेक शब्द सुटा काढला तर फारसा खोटा नव्हता, म्हणून तर तो इतकं सहज बोलून गेला. दिवे मिणमिणते आहेत, त्या उजेडात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात समोरचा जरा हलला तरी चेहरा पुसला जातो, हे मात्र त्यानं गिळलं. किंमतही फ्लॅशच्या सामानापेक्षा चढीच होती. बाई क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असेल."

काही आठवड्यांनी त्या गळ्यात कॅमेरा अडकवून दारात दिसल्या. आता चारचौघांत आपली शोभा होणार, असं वाटून तो उगाचच खाली वाकून खण उघडू लागला.

"दादा, वेळ आहे का? माझं काय चुकतंय तेवढं बघाल?"

बाई भांडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवला. ओल्या बोटानं चोळावेत तसे चेहरे फिसकटलेले. एका फोटोत कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ खांद्याला व्हायोलिन लावून बसले होते. व्हायोलिन जेमतेम ओळखू येत होतं, पण मिशीच्या जागी नुसता पांढरा फराटा होता.

"हे आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर. दुकान उघडलं तेव्हा माझ्या खुर्चीत पहिले हेच बसले. आता मुलाकडे गेले, लांब, कायमचे. जाण्याआधी मुद्दाम फोटोला आले होते. दाढी मीच करून दिली. एवढे फोटो काढले, त्यातला एक धड असेल तर शपथ. मग मीच सांगितलं त्यांना, मास्तर, मला नाही जमलं." त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "कात्री धरते तेव्हा तसूभर हलत नाही. इथंच काय होतं कोण जाणे."

खरं काय ते त्याच्या जिभेवर आलं होतं. पण मालक गल्ल्यावर बसले होते आणि त्यांचे कान इकडेच होते.

"कॅमेरा स्टँडवर लावा," तो म्हणाला. "सराव करा. जमेल हळूहळू."

"बरं वाटलं तुमच्याशी बोलून," असं म्हणून त्या गेल्या. त्यांनी चिडून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या रात्री बायकोनं दोनदा विचारलं, "भाजी बिघडलीय का?" तो नाही म्हणाला आणि ताटात बोट फिरवत बसला.

आठवडाभर त्यानं बाईंच्या दुकानावरून जायचं टाळलं. लांबच्या रस्त्यानं वळसा घालून घरी जायचा. मग एका दुपारी एक तरणाबांड माणूस आला आणि हसून म्हणाला, "केस कापणाऱ्या ताई आहेत ना, त्यांचा मी धाकटा दीर. मलाही फोटोंचं खूळ लागलंय. वहिनी म्हणाली, तिथले दादा देतील ते डोळे मिटून घे. तसले दिवे आहेत ना अजून?"

होते. खोकं हाताशीच होतं. त्यानं त्याला हातही लावला आणि मग काढून घेतला.

"ते नका घेऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "फ्लॅश घ्या. स्वस्त पडेल. तो एका क्षणात चमकून जातो, म्हणून माणूस हलला तरी चेहरा लख्ख येतो. त्या दिव्यांत तसं होत नाही. कुणाच्याही हातून होणार नाही."

दिराच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मग वहिनीला का दिलेत?"

त्यानं खोकं काउंटरखाली सरकवलं. दीर काहीच न घेता निघून गेला. मालकांनी विचारलं, "काय झालं?" "जमलं नाही त्यांचं," एवढंच तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी त्यानं घरचा स्वतःचा फ्लॅश, ट्रिगर आणि छत्री पिशवीत भरली, स्टँड काखोटीला मारला आणि सरळ रस्त्यानं बाईंच्या दुकानात गेला. त्या एका मुलीचे केस कापत होत्या. आरशातून त्यांनी त्याला पाहिलं, पण कात्री थांबली नाही. बाकड्यावर बसून तो वाट बघत राहिला. मुलगी गेली. बाईंनी जमिनीवरचे केस झाडून एका कोपऱ्यात केले आणि मग त्या वळल्या.

"दिरानं सांगितलं मला सगळं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर तेच मागत होतात. मला कमिशन मिळणार होतं."

"दिव्यांचं सोडा. पैसे पुन्हा मिळवेन मी." त्यांचा आवाज चढला. "मी हा हात दाखवत तुमच्यापुढे उभी राहिले होते. माझं काय चुकतं म्हणून विचारत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं! सराव करा म्हणालात. रोज दुकान बंद केल्यावर मी सराव करत बसले, वेड्यासारखी."

तो पिशवी पुढे सरकवत म्हणाला, "हे ठेवून घ्या. माझं आहे, दुकानाचं नाही."

"फुकट नको. स्वतःचं घेईपर्यंत उसनं घेते." त्यांनी पिशवी ओढून घेतली, मग खिशातून फोन काढला आणि एक नंबर लावून त्याच्या हातात दिला. "मास्तर आहेत. सांगा त्यांना. तुमच्या तोंडानं."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. त्यानं आपण कोण ते सांगितलं. चुकीचे दिवे आपण जाणूनबुजून दिले, फोटो बिघडले ते त्यामुळे, ताईंचा त्यात काही दोष नाही, हे सगळं त्यानं अडखळत सांगितलं.

"असं होय," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, मीच घोटाळा केला. माझे हात कापतात हो अलीकडे. ती बिचारी पुन्हा पुन्हा सांगत होती, मास्तर हलू नका. मी आटोकाट प्रयत्न केला. व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं, ती पेटी त्या दिवसापासून उघडली नाही. बरं केलंत सांगितलंत."

फोन बंद झाला तरी त्यानं तो कानालाच धरून ठेवला होता. बाईंना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी डोळे पुसले, त्याच्याकडे न बघता. तो उठून दाराकडे निघाला.

"कुठे निघालात?" त्या म्हणाल्या. स्टँड त्यांनी खुर्चीशेजारी उभा केला होता आणि छत्री उलटी अडकवायची की सुलटी, ते बघत होत्या. "हे कसं लावायचं ते कोण सांगणार?"

तो परत आला. त्यानं छत्री हातात घेऊन कशी अडकवायची ते फिरवून दाखवलं.