अळणी पेज

भिंतीला लोणा लागला होता. पांढरा, केसाळ, शिळ्या पावावर बुरशी धरावी तसा. वरच्या अर्ध्या भागात विटांच्या सांध्यासांध्यातून तो फुटून बाहेर आला होता आणि बोट लावलं की भुरभुरत होता. काही विटांची तोंडंच सोलून निघाली होती.

दीक्षा मेश्राम परांचीखाली उभी राहून वर बघत होती. शेजारी तिचा बॉस केदार फोनवर अंगठा फिरवत होता, पण वाचत काहीच नव्हता.

कॅलिफोर्नियातलं नदीकाठचं हे एवढंसं गाव. एके काळी इथे चिनी मजूर राहायचे. नदीला बांध घालायला आणलेले, काम संपल्यावर कुणालाच नको झालेले. त्यांनी आपल्यापुरतं एक सभागृह बांधलं आणि विटा जोडायला चुन्यात चिकट तांदळाची पेज घातली. त्यांच्या देशात ही जुनी विद्या. सिमेंट जन्मायच्या कितीतरी आधी तिकडे तटबंद्या भातावर उभ्या राहिल्या आणि भूकंपांना पुरून उरल्या. वाळवंटात दगड नव्हता तर बोरू आणि झाडाच्या फांद्या अंथरून त्यावर माती ठोकली, त्याही भिंती आज दिसतात. झाड, गवत, धान्य. जे हाताशी उगवलं ते भिंतीत गेलं. दीक्षाने मटेरियल्समध्ये मास्टर्स केलं ते या असल्या गोष्टींच्या वेडापायी, आणि केदारच्या फर्मला हे सभागृह दुरुस्तीला मिळालं ते तिच्या मिश्रणाच्या जोरावर. हे केदारला माहीत होतं. म्हणून तर तो आज इतका गोड बोलत होता.

"मेबल येईलच आता," तो म्हणाला. "सो, आपलं ठरलंय ना?"

"तुझं ठरलंय."

"दीक्षा, यार. एक सेन्टेन्स आहे. 'माझा चुना चुकला, तोच बाहेर येतोय.' बास. ती म्हातारी ओरडेल, फर्म भिंत रिपेअर करून देईल, तू थोडे दिवस डेस्कवर बसशील. तुझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन मी बघतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

केदारने फोन खिशात टाकला. "एक्स्टेन्शन मीच बघतो," तो म्हणाला.

तेच शब्द. धमकीला इस्त्री केलेली होती एवढंच.

दीक्षाला राग होता, पण रागापेक्षा वाईट म्हणजे तिला शंका होती. खरंच आपलं चुकलं असेल तर? चुना नीट भिजला नसेल? पण मग खालचा अर्धा भाग असा ठणठणीत कसा? खालच्या भागासाठी तिने स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये पेज शिजवली होती. चिनी दुकानातला चिकट तांदूळ, पार विरघळेपर्यंत उकळायचा, फडक्यातून गाळायचा, चुन्यात कालवायचा. काम चाललं होतं, पण गोगलगायीच्या गतीने. तेव्हा केदारला कल्पना सुचली. क्युपर्टिनोच्या त्यांच्या मराठी मंडळाचं स्वयंपाकघर, मोठी पातेली, हौशी बायका. 'भारत-चीन कल्चरल एक्स्चेंज', न्यूजलेटरमध्ये फोटो. मंडळाच्या अध्यक्ष त्याच्याच आई, नीलांबरीकाकू.

दीक्षा त्या दिवशी अ‍ॅप्रन बांधूनच गेली होती. काकूंनी तिला स्वयंपाकघराच्या दारातच थांबवलं.

"आडनाव काय म्हणालीस गं?"

"मेश्राम."

"म्हणजे नागपूरकडची. नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

"हां हां," काकू म्हणाल्या.

ही दोन 'हां' काय असतात ते ज्याला ऐकावी लागतात त्यालाच कळतं. पहिल्यात ओळख पटते, दुसऱ्यात दार लागतं. माणसं समुद्र ओलांडून येतात, पासपोर्ट बदलतात, कुत्र्यांना इंग्रजी शिकवतात, पण हा प्रश्न बॅगेत नीट घडी घालून आणतात.

"तू कशाला शिणतेस? इंजिनिअर माणूस तू. बाहेर खुर्ची टाकून बस छान. आमचं सोवळंबिवळं काही नाही हो, पण उद्याचा पाडव्याचा नैवेद्य इथेच व्हायचाय."

दीक्षा उंबऱ्यावरूनच म्हणाली, "काकू, तांदूळ आणि पाणी. बाकी काही नाही."

"भात शिजवायला शिकवतेस होय गं मला?"

आतल्या बायका हसल्या. दीक्षाही हसली. काकूंचा तिला आज फारसा राग नव्हता, त्या जन्मभर तशाच होत्या. स्वतःच्या त्या हसण्याचा मात्र तिला आजही संताप यायचा. मग ती पार्किंग लॉटमध्ये खुर्चीवर बसली, आतून पातेली येत गेली आणि ती गाळून ट्रकवर चढवत गेली. चाखून बघायचं कुणाच्या मनात येणार? भिंतीचा माल तो.

आज सभागृहासमोर उभ्या केदारच्या गाडीची काच खाली झाली. नीलांबरीकाकू आत एसीत बसल्या होत्या. भिंतीवर मंडळाच्या नावाची पाटी लागायची होती, त्या फोटोसाठी जरीची साडी नेसून आल्या होत्या. भिंतीला लोणा लागल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"केदार, दोन घास खाऊन घे. पोट बरं नाही ना तुझं? मऊ भात आणलाय."

केदार डबा घेऊन परांचीपाशी आला आणि उभ्याउभ्याच खायला लागला. मेबलच्या भीतीने त्याचं पोट बिघडलं होतं हे दीक्षाला ठाऊक होतं.

"मीठ बेताचं आहे ना रे?" काकूंनी गाडीतून विचारलं.

"आहे, आई." मग दीक्षाकडे बघून, वातावरण जरा सैल करावं म्हणून तो म्हणाला, "पोट बिघडलेल्या माणसालाही अळणी देणार नाही ती. मिठाशिवाय तिचा भात चुलीवर चढतच..."

चमचा डब्यातच राहिला.

दीक्षाने भिंतीकडे बघितलं. खाली स्वच्छ, वर पांढरं. मग केदारकडे बघितलं. त्याचा चेहरा तिच्याआधीच तिथे पोचला होता.

"नाही," केदार हळू आवाजात म्हणाला. "दीक्षा, ऐक. आईचं नाव मध्ये आणायचं नाही."

"इतका वेळ तुला माहीत नव्हतं. आता आहे."

"म्हणूनच सांगतोय. चुना म्हण. चुनाच होता. मंडळात तिची इज्जत आहे."

"आणि माझी?"

"तू यंग आहेस. तुझं होईल काहीतरी."

रस्त्यावर एक जुना पिकअप ट्रक वळला आणि धूळ उडवत थांबला. मेबल फाँग उतरली. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, पायात कामाचे बूट. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. तिचे पणजोबा ही भिंत बांधणाऱ्यांपैकी एक, आणि सभागृहाच्या ट्रस्टची ती प्रमुख. तिने कुणाला हॅलो केलं नाही. सरळ भिंतीपाशी गेली, मान वर करून बघत राहिली.

"हे काय आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मेबल, वी आर सो सॉरी," केदार पुढे झाला. "ही दीक्षा. मिश्रण हिचं. ती स्वतःच एक्स्प्लेन करेल."

आणि तो बाजूला सरकला, एखाद्याला स्टेजवर ढकलून विंगेत जावं तसा.

मेबल दीक्षाकडे वळली. एक वाक्य. दीक्षाला इंदोऱ्यातलं घर आठवलं नाही, आईबाप आठवले नाहीत, बाबासाहेबांचा फोटोही आठवला नाही. असल्या वेळी माणसाला थोर काही आठवत नाही. तिला फक्त ती पार्किंगमधली खुर्ची आठवली.

ती गुडघ्यावर बसली आणि खालच्या एका सांध्याला तिने जीभ लावली.

"दीक्षा, व्हॉट द..." केदार म्हणाला.

ती उठली, परांचीवर चढली, वरच्या सांध्यावरचा पांढरा थर बोटाने खरवडला आणि चाखला. थुंकली. खाली उतरून तिने ते पांढरं बोट मेबलपुढे धरलं.

"चुना बाहेर आला असता तर त्याला चव नसती," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

मेबलने तिच्या बोटाला हात लावला नाही. ती सरळ परांचीच्या शिडीवर चढली, केदार "केअरफुल, केअरफुल" करत असताना भिंतीलाच जीभ लावून आली.

"खारट," ती म्हणाली.

"नदीकाठची जमीन आहे," केदार घाईने म्हणाला. "मातीतलं मीठ ओलीबरोबर चढतं. हे कॉमन आहे."

"जमिनीतलं मीठ खालून चढतं, केदार. खालचा सांधा अळणीच आहे, चाट तू," दीक्षा म्हणाली.

केदारने चाटला नाही.

"वरच्या भागाचा तांदूळ कुणी शिजवला?" मेबलने विचारलं.

गाडीचं दार उघडलं आणि नीलांबरीकाकू पदर सावरत आल्या. बाहेर काय चाललंय हे त्यांना काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं, आणि ते त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"काय झालं? फोटो कधी घ्यायचाय?"

"आई, तू गाडीत बस."

"काकू," दीक्षा म्हणाली, "त्या दिवशी पेजेत मीठ किती घातलंत?"

"दीक्षा, आय ॲम वॉर्निंग यू."

"किती म्हणजे?" काकूंनी तिच्याकडे असं बघितलं जसं काही तिने पाणी ओलं असतं का विचारलं. "घालते तेवढं. पातेल्याला मूठ."

"मी म्हटलं होतं, तांदूळ आणि पाणी. बाकी काही नाही."

"मग मीठ काय बाकी काही असतं? मीठ धरूनच भात. अळणी भात पिंडाला करतात, बाई. तुमच्यात पिंडबिंड करत नाहीत, तुला काय कळायचं? सणाच्या आदल्या दिवशी, मंडळाच्या चुलीवर, माझ्या हातून अळणी भात? शक्यच नाही."

त्यांना कसलीच लाज नव्हती. लाज वाटण्यासारखं त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. केदारने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणाल्या त्या?" मेबलने विचारलं.

"सांग," दीक्षा केदारला म्हणाली. "आई तुझी आहे."

"शी सेज..." केदार अडखळला. "नेहमीसारखाच शिजवला म्हणतेय."

"नेहमीसारखा म्हणजे मीठ घालून," दीक्षाने इंग्रजीत वाक्य पुरं केलं. "मी आत असते तर घालू दिलं नसतं. मला आत येऊ दिलं नाही. का ते यांनाच विचारा, मी भाषांतर करीन. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

मेबलने काकूंकडे बघितलं, जरीच्या साडीकडे बघितलं. मग म्हणाली, "नको. लहानपणी शाळेच्या बसमध्ये मला मागे बसायला सांगायचे. मला कळलं."

काकूंना इंग्रजी येत होतं. त्या गाडीकडे वळल्या आणि दार त्यांनी जरा जोरातच लावलं.

"किती उतरवावी लागेल?" मेबलने विचारलं.

"इथून वरची सगळी," दीक्षाने हाताने रेघ दाखवली. "सोललेल्या विटा गेल्या. बाकीच्या पुन्हापुन्हा पाण्यात ठेवून मीठ काढीन. काही वाचतील."

"माझी आजी सांगायची, पोरं उपाशी होती तरी या लोकांनी भिंतीला भात घातला. शिव्या देऊन सांगायची." मेबलने बुटाने पडलेला पांढरा चुरा मातीत घासला. "आता कोण शिजवणार?"

"आम्ही एखादा प्रोफेशनल केटरर..." केदारने सुरुवात केली.

"मी," दीक्षा म्हणाली. "इथेच. भिंतीशेजारी स्टोव्ह मांडून."

"मग ही इथे असणार," मेबल केदारला म्हणाली. "भिंत पुरी होईपर्यंत. नाहीतर तुमच्या फर्मचं इथे काम नाही."

"ऑफ कोर्स," केदार म्हणाला. त्याच तोंडाने.

दीक्षाने छिन्नी उचलली. परांचीच्या शिडीवर पाय ठेवला तेवढ्यात गाडीची काच चार बोटं खाली झाली.

"आणि आता मीठ?" आतून आवाज आला.

"नाही, काकू."

"अळणीच?"

"अळणीच."

"लखलाभ असो," काकू म्हणाल्या आणि काच वर गेली.

दीक्षा वर चढली. सगळ्यात वरच्या विटेखाली तिने छिन्नी सरकवली, पण हातोडीची गरज पडली नाही. वीट नुसत्या हाताने सुटून आली. तिने ती फळीवर ठेवली आणि दुसरीला हात घातला.