हलम्याआधीचे फोड

जमिनीची धूप कशी थांबवावी यावर साहेबांनी कचेरीत बसून अकरा अहवाल लिहिले होते. कुदळ मात्र कधी हातात धरली नव्हती. 'साहेब' हे नाव आपल्याच भिल्ल भावकीने दिलेलं, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बरोबर नदीत डुंबलेला चुलतभाऊसुद्धा आता "या साहेब, बसा" म्हणायचा. ते 'या' साहेबांना टोचायचं.

साहेब रजेवर गावी आले, तेव्हा वडिलांनी टेकडीवर लावलेल्या दीडशे झाडांची मुळं उघडी पडली होती. पावसाआधी आडवे चर खणले नाहीत, तर झाडं जाणार होती. एकट्याचं हे काम नव्हे. साहेबांना तोडगा सुचला, हलमा! एकाने हाक द्यायची, वस्तीने आपापली हत्यारं नि शिदोरी घेऊन यायचं. ना मजुरी, ना उपकार. साहेबांनी मोबाइलवर सुबक निमंत्रण धाडलं: 'रविवारी सकाळी आठ वाजता हलमा. वेळेवर उपस्थित राहावे. हजेरी घेतली जाईल.'

रविवारी आठला टेकडीवर साहेब, हजेरीचा कागद आणि एक शेळी एवढीच मंडळी होती. त्यातल्या शेळीने कागद खाल्ला.

साहेब तणतणत आत्याकडे गेले. "लोकांना काही वाटतं की नाही?"

"हात दाखव," आत्या म्हणाली. तिने तळवे उलटसुलट पाहिले. "हलमा कोण बोलावतो? जो आधी स्वतः राबून थकलाय तो. तुझ्या हाताला साधा फोड नाही. आणि नोकरीला लागल्यापासून अठरा वर्षांत तू कुणाच्या हलम्याला गेलास?"

"मला कुणी बोलावलंच नाही!"

"साहेबाला कसं बोलवायचं रे?"

हे मात्र जिव्हारी लागलं.

साहेबांनी रजा वाढवली आणि कुदळ उचलली. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने चर खणला, तोही उभा, उताराच्या दिशेने. म्हणजे पाणी अडायच्या ऐवजी त्याला पळायला हमरस्ता! या चुकीवर चौथ्या अहवालात दोन पानं होती. लिहिणारा कोण शहाणा होता, ते आठवून साहेब एकटेच हसले. पाचव्या दिवशी तळव्यांचे फोड फुटले, कंबर धरली, आणि चर झाले होते जेमतेम चार.

मग ते दारोदार गेले. "माझ्याने होत नाही. या." अकरा अहवालांत हे वाक्य कुठेच नव्हतं. पहिल्या दारात ते तीनदा अडखळलं.

दुसऱ्या सकाळी अख्खी वस्ती टेकडीवर चढली. सगळ्यांत आधी त्यांनी साहेबांचा उभा चर पोट धरून हसत बुजवला. संध्याकाळपर्यंत शेवटच्या झाडापर्यंत चर पोचले. साहेबांनी घसा खाकरून आभाराचं भाषण सुरू केलं, तोवर लोक कुदळी खांद्यावर टाकून उतरायला लागलेही होते.

चुलतभाऊ तेवढा थांबला. "बुधवारी माझ्या बांधावर हलमा आहे. माझ्याने होत नाही," तो म्हणाला. "ये."

साहेबांचे डोळे भरून आले. किती वाजता, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

"येतो," ते म्हणाले.