फरशीवरचे थेंब

घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि त्या दिवशी तर तिनं नावाचं सोनं केलं. सकाळपासून बाईचा पाय एका जागी ठरेना. गॅसवर दूध ठेवायची, खिडकी पुसायला जायची, दूध उतू गेलं की धावत यायची आणि येता येता वडिलांच्या खोलीत डोकावून विचारायची, "अप्पा, काही हवंय का?"

"हवंय," अप्पा म्हणायचे. "तू जरा बस."

बसते कसली! जिवाला घोरच तसा होता. दुपारी तिचा थोरला भाऊ येणार होता. दादा दुसऱ्या शहरात राहायचा, आणि येताना एक मोठी रिकामी बॅग आणणार होता, अप्पांचे कपडे भरायला. फोनवर त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "मी माझ्या डोळ्यांनी बघणार. अप्पांनी त्याच बाथरूममध्ये, आपल्या पायांवर उभं राहून अंघोळ केली तर राहू देत तुझ्याकडे. नाहीतर संध्याकाळी माझ्याबरोबर."

दोन महिन्यांपूर्वी अप्पा त्याच बाथरूममध्ये, शॉवरखाली घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. आतून कडी लावलेली. भिंगरीच्या नवऱ्यानं खांद्यानं धडका मारून दार तोडलं, आणि तोवर आतलं कण्हणं ऐकत ती बाहेर उभी. पुढे ऑपरेशन झालं, वॉकर आला, खुर्चीत बसवून ओल्या टॉवेलनं अंग पुसणं सुरू झालं. अप्पांच्या खोलीला लागून असलेलं ते बाथरूम तेव्हापासून बंदच होतं. नवऱ्यानं दार दुरुस्त केलं, अप्पांच्या हट्टापायी नवी कोरी कडीही बसवली, पण भिंगरीनं काही आत पाऊल टाकलं नाही.

अप्पा का पडले हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरचं पाणी जड. साबणाला धड फेस यायचा नाही, आणि जो यायचा तो वाळून काचेवर, टाइल्सवर, फरशीवर पांढुरकी, निसरडी पुटं चढवायचा. भिंगरी दर आठवड्याला गुडघे टेकून ती पुटं खरवडायची. नेमका त्या आठवड्यात तिला कंटाळा आला. उद्या घासते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पडले.

त्या एका 'उद्या'नं तिला पोखरून टाकलं होतं. दादा फोनवर म्हणाला होता, "एवढं साधं काम गं! फरशीच तर घासायची होती." एरवी एकाच्या चार ऐकवणारी बाई, पण यावर तिनं फोन ठेवून दिला. खरंच होतं ते.

जेवणं उरकली, नवरा कामावर गेला आणि भिंगरीनं एकदाचं ते दार उघडलं. कोंदट वास आला. शॉवरच्या काचेवर पुटं इतकी दाट की पलीकडचा नळ दिसेना. तिनं व्हिनेगर कोमट केलं, त्यात भांडी घासायचं लिक्विड मिसळलं आणि ते काचेवर फवारून मुरू दिलं. आता मुरू द्यायचं म्हणजे थांबायचं, आणि थांबणं हिच्या रक्तातच नाही. तेवढ्यात ती दोनदा बाहेर जाऊन घड्याळ बघून आली.

बाहेर खुर्चीत अप्पा खांद्यावर टॉवेल टाकून, तयार होऊन बसले होते. अंघोळ व्हायची होती, पण तयारी पुरी.

"भिंगरे, काचच घासतेयस ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं घासणार आहे. आज पुटाचं नाव राहू देणार नाही."

"फरशी राहू दे," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "फरशी मी बघतो."

"तुम्ही बघता? वॉकर धरून? गप्प बसा हो!"

काच निघाली. वरच्या टाइल्स निघाल्या. नवरा नेहमी म्हणायचा तसं, अंघोळ झाल्याझाल्या वायपर मारला असता तर हा दिवस आलाच नसता. त्याचं बरोबर होतं आणि म्हणून तो बोलला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. घासता घासता हात खाली आला तशी ती चमकली. कमरेच्या खालच्या टाइल्सवर पूट नव्हतंच. स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत भिंत लखलखत होती. धूळ होती, ती बोटानं निघाली. तिनं फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं.

पाणी पसरलं नाही. त्याचे टपोरे थेंब झाले आणि ते इकडून तिकडे पळायला लागले.

भिंगरी त्या थेंबांकडे बघत राहिली. असे थेंब तिनं लहानपणी पाहिले होते, अप्पा कामाला होते त्या गॅरेजमध्ये. अप्पा जन्मभर गाड्यांना पॉलिश मारत आले. पॉलिश झालेल्या गाडीच्या बॉनेटवर ते पाणी शिंपडायचे, थेंब पळायला लागले की पोरीला म्हणायचे, "बघ, कसे नाचतात!" आणि पडण्याच्या आदल्याच आठवड्यात अप्पा तिला म्हणाले नव्हते का, की टाइल्सना पॉलिश मारतो, मग साबण धरणारच नाही? तिनंच उडवून लावलं होतं, "अप्पा, ती काय गाडी आहे?"

ती हळूच उठली आणि ओल्या पायांनी बाहेर आली.

"अप्पा, फरशीला पॉलिश कुणी लावलं?"

अप्पांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"तू बाजारात गेली होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, खालून सुरुवात करावी. काच दुसऱ्या दिवशी. तू गुडघे टेकून घासायचीस आणि उठताना भिंतीला धरायचीस. मला बघवत नव्हतं गं."

"आणि सकाळी त्याच्यावरच अंघोळीला गेलात?"

"लक्षातच राहिलं नाही. पाऊल टाकलं तेव्हा आठवलं."

मग मात्र ती फुटली. "दोन महिने, अप्पा! दोन महिने मी स्वतःला खातेय! दादा मला वाट्टेल ते बोलला, तुम्ही ऐकत होतात. मी तुमचं अंग पुसताना रडायचे, तेही बघत होतात. एका शब्दानं सांगता आलं नाही? माझ्या आळसानं बाप अपंग झाला असं वाटत होतं मला!"

अप्पांची मान खाली गेली. "दादाला कळलं असतं तर म्हणाला असता, म्हाताऱ्याचं डोकं चळलं. लगेच उचलून नेलं असतं. त्याच्या घरी सगळी सकाळी जातात ती अंधार पडल्यावर येतात. दिवसभर माणसाचा आवाज नाही. मला भीती वाटली. एक दिवस गप्प बसलो, मग दुसऱ्या दिवशी बोलायचं अवघड झालं, तिसऱ्या दिवशी आणखी."

तिला राग आवरत नव्हता आणि रडूही आवरत नव्हतं. काय करावं न सुचून तिनं खोलीला दोन फेऱ्या घातल्या. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ती अप्पांसमोर येऊन थांबली.

"हे निघतं कशानं? बोला लवकर! व्हिनेगरला तर दाद देत नाही."

"टर्पेंटाइननं," अप्पा चटकन म्हणाले. "माझ्या पेटीत बाटली आहे. आधी खिडकी उघड. नंतर गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोनदा."

पुढचा सगळा वेळ अप्पा वॉकर धरून दारात उभे आणि भिंगरी फरशीवर. "कोपरा राहिला." "दिसतोय मला!" "कपडा बदल, तोच फिरवलास तर पॉलिश परत पसरेल." "अप्पा, आज तुम्ही मला शिकवू नका, सांगून ठेवते!" शेवटी तिनं पुन्हा पाणी ओतलं. पाणी सपाट पसरलं आणि मुकाट्यानं जाळीकडे गेलं. तिनं पाऊल घासून पाहिलं. पाय धरत होता. जाळीदार रबरी चटई अंथरून ती बाहेर येते न येते, तोच बेल वाजली.

दादा आला तो नाक मुरडतच. बॅग थेट अप्पांच्या खोलीत, बाथरूमच्या दाराशी ठेवली. "हा वास कसला?"

"बाथरूम घासलं," भिंगरी म्हणाली.

"टर्पेंटाइननं?"

अप्पांनी वॉकरची मूठ घट्ट धरली. भिंगरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"पुटं फार घट्ट बसली होती," ती म्हणाली. "वेळच्या वेळी काढली असती तर ही पाळी आली नसती. माझाच आळस."

"तेच मी तेव्हापासून सांगतोय," दादा म्हणाला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं ओठ दाताखाली धरले.

अप्पा आत गेले. दार ओढून घेतलं. बहीणभाऊ बाहेर उभे राहिले. भिंगरीचे कान कडीकडे लागले होते. त्या कडीवरून अप्पांनी घर डोक्यावर घेतलं होतं, कडी नसेल तर अंघोळ करणार नाही म्हणाले होते. कडीचा आवाज आला नाही. शॉवर सुरू झाला. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"अगं, थांब की एका जागी!" दादा वैतागला.

तेवढ्यात पाण्याच्या आवाजावरून अप्पांचा आवाज आला, पूर्वी गॅरेजभर ऐकू जाईल अशी हाक मारायचे तसा मोठ्यानं. "दादा! फरशीला साबणबिबण काही नव्हता रे. पॉलिश मारलं होतं, मी मारलं होतं. विसरलो आणि पडलो. तिचा काही दोष नाही. ती आत्ताही माझ्यासाठी खोटं बोलली. आता न्यायचं तर ने!"

भिंगरी मटकन खुर्चीत बसली, सकाळपासून पहिल्यांदाच.

दादा बहिणीकडे वळला. त्यानं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, पँट दुमडून गुडघ्यापर्यंत घेतली आणि दारावर टकटक केली.

"अप्पा, पाठ चोळून देऊ का?"

आत पाणी पडत होतं.

"ये," अप्पा म्हणाले. "दार उघडंच आहे."

"मोजे काढ आधी!" भिंगरी ओरडली. "तूही आपटशील!"

दादानं ओल्या उंबऱ्यावर एका पायावर उभं राहून मोजे काढले आणि ते दाराशी ठेवलेल्या रिकाम्या बॅगेवर टाकले. दुसऱ्या दिवशी आपल्या घरी पोचल्यावर त्यानं फोन करून सांगितलं, की बॅगेत तेवढेच होते, ओले मोजे.