फणसाखालचा ढाळ

सहकारनगरातल्या त्या बंगल्यामागे, आंबा आणि फणस यांच्या मधल्या जागेत, कधीच काही धड उगवलं नाही. ऊन तिथं पोचतच नसे. जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. कुसुमताईंनी तिथं हिरवळ लावून पाहिली, कर्दळ लावून पाहिली, आणि शेवटी नाद सोडला.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलानं, आमोदनं, तिथं गोल्फ खेळायचं ठरवलं. तो हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. दोन वर्षं अमेरिकेत राहून नुकताच परतला होता.

"अख्खं मैदान नाही गं आई. फक्त पटिंग ग्रीन, खोट्या गवताची. चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा."

"एवढंच असेल तर मोरीतही जमेल," कुसुमताई म्हणाल्या. पण त्यांनी अडवलं नाही. तो परत आला होता, हेच खूप होतं.

आमोदचे वडील श्यामराव यांनी सारा जन्म पाटबंधारे खात्यात कालव्यांची मापं घेण्यात घालवला होता. गेल्या दोन वर्षांत त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. मुलाला ते आता 'तुम्ही' म्हणत, परक्या माणसाला म्हणावं तसं.

काम नागोराव मिस्त्रीला दिलं. तो मूळचा हिंगोलीकडचा. कंपन्यांच्या गच्च्यांवर खोटं गवत अंथरण्यात त्याचा हात बसलेला. पहिल्या दिवशी त्यानं फूटभर माती उकरून काढली, संध्याकाळी खड्डा नळीनं भरला आणि म्हणाला, "बाई, सकाळी बघू पाणी किती उतरतंय ते."

सकाळी पाणी तसंच होतं. आंब्याची दोन पानं त्यावर निवांत तरंगत होती आणि फांद्यांमधून जेवढं आकाश दिसे तेवढं सगळं खाली उतरलं होतं. चहा घेऊन आलेल्या कुसुमताई दारातच थबकल्या. श्यामराव काठावर बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पावलं पाण्यात.

"पाणी अडलंय," ते म्हणाले. आवाज जुना होता, कामावरचा. "मुकादम कुठं आहे?"

नागोराव फाटकातून आत येत होता. त्यानं एकदा कुसुमताईंकडे पाहिलं, मग चपला काढून श्यामरावांशेजारी उकिडवा बसला. "मीच हाय साहेब. काळी माती, पाणी सोडंना."

"माती नाही सोडणार. आपण वाट द्यायची. फणसाच्या बाजूला ढाळ. दर दहा फुटाला दीड इंच."

"जी साहेब."

आमोद ऑफिसला निघाला होता. हे ऐकून तो थांबला. "बाबा, सपाट हवंय मला. खेळायचंय त्यावर."

"सपाट ठेवलं तर सावलीत शेवाळ धरंल," नागोराव म्हणाला. "साहेब बरोबर सांगतेत."

श्यामरावांनी आमोदकडे नीट पाहिलं. "आपण कुठल्या गावचे?"

"इथलाच आहे," आमोद म्हणाला.

"मग पाणी आपल्यालाच मिळणार. घाई करू नका."

आमोदनं बॅग पायरीवर ठेवली आणि ऑफिसात फोन करून चार दिवसांची रजा घेतली.

ते चार दिवस कुसुमताईंना पुढे नेहमी एकाच लांबलचक सकाळीसारखे आठवत. श्यामराव न सांगता आंघोळ करत, साइटवर जायचंय म्हणत. त्या डबा भरून देत आणि ते मागच्या दारानं दहा पावलं चालत दुसऱ्याच कुठल्या तालुक्यात पोचत. पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक ते धरत, दुसरं आमोद. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येईपर्यंत बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहत. मग ढाळासाठी खुणेवरून माप खाली घ्यायचं, खुंटी ठोकायची. तळाशी भोकांचा पाइप गेला, वर खडी पडली, खडीवर दगडाचा बारीक कच. सावली हळूहळू सरकत राहिली.

"त्यांना हा कालवा वाटतोय, नागोराव," एका दुपारी कुसुमताई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"वाटू द्या की बाई. ढाळ तर खराच हाय."

पाचव्या दिवशी गवताची गुंडाळी उलगडली. नागोरावानं तिच्यावर वाळू पसरून ती झाडूनं पात्यांमध्ये घातली, भोकात पत्र्याची वाटी बसवली आणि नळी सोडली. थोड्याच वेळात फणसाच्या बुंध्यापलीकडे पाइपच्या तोंडातून पाणी वाहू लागलं. श्यामराव तिथं वाकून उभे होते. त्यांनी ओंजळ धरली, पाणी डोळ्यांना लावलं आणि आमोदचा खांदा थोपटला. "आपण चांगलं काम केलंत. नाव काय आपलं?"

"आमोद."

"छान नाव आहे. मुलगा झाला तर ठेवीन."

आमोद तोंड फिरवून झाडू शोधायला गेला. झाडू समोरच होता.

संक्रांतीपर्यंत श्यामराव कालवाही विसरले. ती आठवण काही परत आली नाही. आमोद मात्र दर रविवारी त्यांना हात धरून मागे आणतो. तिथलं गवत त्यांना आवडतं. अनवाणी चालतात, मधेच थांबतात. आमोदनं मारलेला चेंडू सरळ निघतो, मधेच कलतो आणि भोकाला हुलकावणी देऊन फणसाकडे जातो.

"कंपनीत तरी जमतं का काही?" कुसुमताई पायरीवरून विचारतात.

आमोद हसतो. मग तो वडिलांच्या हातात चेंडू देतो. ते वाकून तो गवतावर अलगद सोडून देतात आणि तो थांबेपर्यंत दोघंही त्याच्यामागून सावकाश चालत राहतात.