रोबोच्या डोक्यावरचा पोचा

गंज काढायचा की नुसता थांबवायचा, एवढंच मी विचारलं होतं. एवढ्यावरून दुकानात रक्त सांडणार हे ठाऊक असतं तर त्या दिवशी शटर उघडलंच नसतं.

आमच्या योत्सुगी वस्तीत पूर्वी गल्लोगल्ली पत्र्याची खेळणी बनायची. आता बनत नाहीत, माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेवढीच. मासानोबु एबारा बापाचं घर आवरत होता, तेव्हा कपाटाच्या तळाशी त्याला हा रोबो सापडला. निळसर राखाडी रंग, छातीवर छापलेले घड्याळासारखे काटे, कमरेला किल्ली. उजवा खांदा गंजून खरखरीत झालेला आणि चौकोनी डोक्याचा एक कोपरा पार आत गेलेला.

"काकू, एकदम नवा करून द्या," मासानोबु म्हणाला. "बाबांना अठ्ठ्याऐंशीवं लागतंय. रिवाजाप्रमाणे सोनेरी जाकीट घालून बसवणार आहोत त्यांना, पाहुण्यांसमोर हा चालला पाहिजे. त्यांनीच कारखान्यातून आणला होता."

"नवा म्हणजे सगळं खरवडून परत रंगवायचा. मेलेल्या माणसाला पावडर फासल्यासारखं दिसतं ते. त्यापेक्षा गंज थांबवते, तेल घालते, चालता करून देते."

"आणि हा पोचा?"

"डोकं उचकटून आतून ठोकावं लागेल."

"मग ठोका."

"हात लावू नका त्याला," दारातून आवाज आला.

त्याची धाकटी बहीण चिझुरु. म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीत घालून फिरवून आणत होती. लहानपणी ती जिन्यावरून पडली आणि तिचा डावा डोळा गेला, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हातारा तोकुजी हल्ली कुणालाही बघून हसतो. आताही तांदळाची कुरकुरीत चकती चघळत माझ्याकडे बघून हसला. किती गोड झालाय म्हातारा, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

"तुला कुणी बोलावलं?" मासानोबु म्हणाला.

"मला न विचारता हा इथं कसा आला? सांगून ठेवते दादा, पोचा काढायचा नाही."

"का? जत्रा भरवणार आहेस त्याची?"

"तो गेला की माझ्याकडे काय उरलं? हा डोळा? डोळा तर जिन्याने घेतलाय ना. तूच सांगितलंस सगळ्यांना. डॉक्टरांना पण तूच सांगितलंस."

माझा हात रोबोवरून आपसूक मागे आला. त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या भुवईवरच्या व्रणाकडे.

"गप्प बस," तो दात खाऊन म्हणाला. "त्यांना आता स्वतःचं नाव आठवत नाही. जुनी मढी उकरून काय मिळणार आहे तुला?"

"मला आठवतं. पाय धरून उचलला होता, हातोड्यासारखा. तू बघत होतास."

त्याने तिचं मनगट धरून असं पिरगाळलं की तिचं कोपर पत्रा आवळून धरायच्या लोखंडी शेगड्यावर आपटलं आणि खिळ्यांचा डबा खाली सांडला. ती ओरडली नाही, सरळ त्याच्या हाताला चावली. त्याने दुसरा हात उगारला. मग माझंही डोकं फिरलं. मी लाकडी हातोडा टेबलावर असा आदळला की खिडकीची काच थरथरली.

"माझ्या दुकानात तिच्यावर हात टाकलास तर आधी तुझ्या टाळक्याची डागडुजी करीन. सोड तिला."

त्याने सोडलं. धापा टाकत होता, तोंड लालबुंद झालं होतं.

"ठीक आहे. बाबांनाच विचारू," म्हणत त्याने रोबो उचलून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. खुर्चीपाशी गुडघे टेकून वाकला. "बाबा, ओळखलंत का? नवा करायचा ना हा?"

म्हाताऱ्याने रोबोच्या छातीवरून हात फिरवला. मग तो हात खाली सरकला आणि दोन्ही पायांभोवती मुठीसारखा आवळला. चिझुरु केव्हाच माझ्या टेबलामागे गेली होती, चेहऱ्यापुढे हात आडवा धरून. आता तीही चांगली केस पिकलेली बाई आहे. पण अंग विसरत नाही.

"रडायचं नाही," म्हातारा म्हणाला.

कुणीच रडत नव्हतं.

"बाबा, मी काय म्हणतो..."

रोबोचा पहिला घाव मासानोबुच्या भुवईवर बसला. दुसरा कानशिलावर. पत्रा खणखणला, किल्ली तुटून उडाली. "रडायचं नाही म्हटलं ना," दर घावाला तेच, शांतपणे, रागाचा लवलेश नाही. मासानोबु हात वर करेना. एवढा धिप्पाड माणूस, गुडघ्यावर बसून मार खात राहिला. मी म्हाताऱ्याचं मनगट धरलं. काय ताकद त्या काटकीत. चिझुरुने पुढे येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली तेव्हा कुठे रोबो खाली पडला.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "चहा मिळेल का?" म्हणाला.

मासानोबुच्या डोळ्यावरून रक्ताची धार लागली होती. मी फडकं दाबून धरलं. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या तोफूवाल्या ओचिआईबाई ओल्या हातांनी धावत आल्या.

"अगं बाई, काय झालं याला?"

"काही नाही," मासानोबु म्हणाला. क्षणभरही अडखळला नाही. "जिन्यावरून पडलो."

ओचिआईबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्या दुकानाला जिना नाही. वर मजलाच नाही.

"कुठल्या जिन्यावरून, दादा?" चिझुरुने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तो खिळ्यांच्या पसाऱ्यात जमिनीवरच बसला आणि हमसून रडायला लागला. म्हातारा खुर्चीत अस्वस्थ झाला. चिझुरुने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"बाबांनी मारलं," तो ओचिआईबाईंना म्हणाला. "आज मला. तेव्हा तिला. जिना कधी नव्हताच."

ओचिआईबाई हात पुसत उभ्या राहिल्या.

मी रोबो उचलला. जुन्या पोच्याशेजारी आणखी एक पडला होता, रंगाचा टवका उडून पत्रा उघडा.

"मग याचं काय करायचं ते एकदाचं ठरवा," मी म्हणाले.

मासानोबुने बहिणीकडे पाहिलं.

"तू सांग," तो म्हणाला.

"गंज थांबवा. पोचे दोन्ही राहू देत," चिझुरु म्हणाली. "आणि वाढदिवसाला टेबलावर हाच ठेवायचा. कुणी विचारलं तर दादा सांगेल."

त्याने मान हलवली. मी तेलाची बाटली घेतली आणि खांद्यापासून सुरुवात केली.