विश्राममधले बूट

बाबांच्या डाव्या अंगठ्याखालची जखम भरली, उलली, पुन्हा भरली, पुन्हा उलली. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या चपला उचलून थेट कचऱ्याच्या डब्यावर धरल्या. "गुरुजी, साखर आहे तुम्हाला. मापाचे बूट येईपर्यंत चालणं बंद."

"आणि सव्वीस जानेवारी?" बाबांनी मलाच विचारलं.

सूर्यमाळच्या शाळेची नवी इमारत झाली होती आणि झेंडा त्यांच्या, म्हणजे जुन्या मुख्याध्यापकांच्या, हातून फडकायचा होता. जीप जिथवर जाते तिथून पुढे चढण होती. उचलून नेऊ, असं पाड्यावरच्या लोकांनी सुचवलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्याला अजून वेळ आहे."

जव्हारच्या मधुमेह शिबिरात नाशिकहून पायांचं माप घ्यायचं यंत्र आलं होतं. काचेवर उभं राहायचं. खाली कॅमेरा, समोर संगणकावर तळव्यांचं चित्र. भार पडेल तिथे लाल, नसेल तिथे निळं. त्यावरून साचा आणि साच्यावरून बूट. बाबांनी आधी काचेला हात लावून नमस्कार केला, मग पाय ठेवले.

"काका, नेहमी उभे राहता तसे राहा," यंत्र चालवणारी शलाका म्हणाली.

बाबांनी टाचा जुळवल्या. छाती पुढे, मुठी मांडीला, हनुवटी वर.

"नेहमी असे?"

"नोकरीला लागल्यापासून."

डिसेंबरात बूट आले. बाबा घालून उभे राहिले, तर अगदी पायाच्या सालीसारखे बसले. पाऊल टाकलं आणि त्यांनी भिंत धरली.

"उभं राहायला उत्तम आहेत," ते म्हणाले. "राष्ट्रगीताला चालतील."

"पण तिथवर जाणार कसे?"

"हा प्रश्न अवघड आहे."

जानेवारीत शिबिर मोखाड्याला आलं. आम्हाला येसूने त्याच्या जीपमधून नेलं. तो बाबांचाच विद्यार्थी. शलाकाने जुनं चित्र काढलं आणि कपाळाला हात लावला. "टाचा लालभडक, आणि अंगठ्याखाली निळं. जखम होते तिथे भारच नाही! काका, सैल उभे राहा."

बाबा ताठले.

"अजून सैल."

बाबा आणखी ताठले.

"गुरुजी, समजा तुम्ही तंबाखू मळताय," येसूने सुचवलं.

"वर्गात?"

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांचा तो मैदानापलीकडे पोचणारा आवाज जमेल तसा घशातून काढला. "विश्राम!"

डावा पाय आपसूक बाजूला सरकला, हात पाठीमागे गेले, खांदे उतरले. पडद्यावर अंगठ्याखाली लाल ठिपका उमटला.

"आला! हलू नका!" शलाका ओरडली आणि त्या ओरडण्याने बाबा पुन्हा सावधान व्हायला लागले.

"विश्राम!" आता येसूही ओरडला. बाकावर नंबर लावून बसलेल्या शांतामावशी, त्याही बाबांच्याच विद्यार्थिनी, उठून ओरडल्या. पाहिलं तर दोघांचेही डावे पाय बाहेर आणि हात पाठीमागे. बाबा खूश झाले. "बघितलंत मॅडम? विसरले नाहीत."

नवे बूट पंचवीस तारखेला आले. दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत, मध्ये मध्ये दम खात चढण चढले. झेंड्याकडे सगळ्यांनी बघितलं. मी बाबांच्या पायांकडे बघत होते. राष्ट्रगीत संपल्यावर नवे मुख्याध्यापक गडबडीत पुढचा हुकूम द्यायला विसरले, तो बाबांनीच दिला.

घरी येऊन त्यांनी मोजा काढला आणि तळवा माझ्यासमोर धरला. "बघ. कोरी पाटी."

पावसाळ्यात ते गेले, झोपेत. पाय धड होते.

बूट अजून दाराशी आहेत. वहिनी केर काढताना टाचेला टाच लावून ठेवते. मी जाता-येता डावा जरासा बाजूला सरकवते.