डाव्या हाताचं वळण

संग्रहालयाचा टेम्पो चार वाजता येणार होता. तीन वाजता बाईंनी रेडिओ चालू केला.

"आई, आता कशाला?" मुलगा म्हणाला. तो विमा कंपनीत; काही होण्याआधीच कागद करून ठेवायची सवय. अर्धांगवायूने आईचा उजवा हात गेला त्याला सहा महिने झाले, आणि याने रेडिओ दान करायचा कागद करून टाकला. या खोलीत तो जन्मात तीनदा आला असेल: दोनदा पेचकस शोधायला आणि एकदा आज.

"अगं, रेडिओशेजारी तुझ्या नावाची पाटी लावणार आहेत."

"पाट्या मेलेल्यांच्या लावतात. सरक जरा."

बारा वर्षांच्या असताना बिस्किटांच्या डब्यात स्वतः जुळवलेल्या रेडिओवर बाईंनी भर समुद्रातलं एक जहाज ऐकलं होतं. वडील म्हणाले, "मुलीच्या जातीने कान घरात ठेवावेत." कान काही घरात राहिले नाहीत. हौशी रेडिओचा, म्हणजे घरून हवेत संदेश पाठवायचा, परवाना आला, आणि त्या हौसेनेच बोट धरून त्यांना किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात नोकरीला नेऊन बसवलं. तिथले साहेब म्हणाले, बाईमाणसाचा हात चार तासांत दमतो. हात एकतीस वर्षं दमला नाही. दमून बदली मागून गेले ते साहेब. पुढे केंद्रच बंद पडलं, पण हौसेला निवृत्तीचं पत्र कोण देणार?

बाईंनी डावा हात मोर्सच्या, म्हणजे टिकटिक करत एकेक अक्षर पाठवायच्या, चावीवर ठेवला. दोन महिने त्यांनी खुर्चीच्या हातावर सराव केला होता. लोक सांगतात, अमुक काम म्हणजे डाव्या हातचा मळ. तो मळ किती चिकट असतो ते बाईंना सत्तरीत कळलं. त्यांनी आपली कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं आपलं हवेतलं नाव, ठोकलं. अडखळत, ठेचकाळत.

उत्तर लगेच आलं. उचकीच होता तो. एके काळचा जहाजावरचा रेडिओवाला, आता घरूनच ठोकणारा. दर शब्दात मध्येच थबकतो म्हणून बाईंनी ठेवलेलं नाव. चाळीस वर्षांची ओळख, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

"काय म्हणतोय?" मुलाने विचारलं.

बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला. "म्हणतोय, हे नाव ज्या बाईंचं आहे त्यांचा हात मी ओळखतो. त्या सहा महिने गप्प आहेत. त्यांच्या नावावर खेळणारे तुम्ही कोण? लाज बाळगा आणि बंद करा."

पत्र अक्षरावरून ओळखावं तसा मोर्समध्ये माणूस हातावरून ओळखतात. बाईंचं वळण उजव्या हाताबरोबर गेलं होतं.

"मग माईकवर बोल ना! दोन वाक्यांत मिटेल."

"त्याने माझा आवाज ऐकलाय कधी? आणि तोंडाने ओळख पटवायला मी काय मतं मागायला उभी आहे?"

"तोच ओळखत नाही म्हटल्यावर..." मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला, "ठेवून करायचंय काय?"

हे मात्र लागलं. बाईंनी चावी पुन्हा जवळ ओढली. नवशिका उचकी पहिल्यांदा जहाजावरून अडखळला होता, तेव्हा केंद्रातून त्यांनी त्याला जे सुनावलं होतं, तेच शब्द त्यांनी एकेक अक्षर करून पाठवले. पाच मिनिटं लागली. कपाळावर घाम आला, एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा ठोकलं.

"उचकी लागली आहे का? पाणी प्या. मग बोला."

पलीकडे नुसती खरखर. मुलाने प्लगकडे हात नेला.

"हात लावशील तर बघ!"

आणि टिकटिक सुरू झाली, अगदी सावकाश: "पाणी प्यायलो. बोला बाई. हाताला काय झालं?"

"जुना निवृत्त झाला. हा नवा उमेदवार आहे."

"हरकत नाही. मग मी पण हळू पाठवतो."

बाईंचे डोळे भरले होते, पण दया त्यांना कधीच पचली नव्हती. त्यांनी डावा हात पुन्हा चावीवर टेकवला: "हात गेलाय, कान नाही. नेहमीच्या वेगाने चला."

उचकीने वेग धरला. तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मुलगा कागद हातात घेऊन उभा राहिला.

"त्यांना काय सांगू?"

"सांग," बाई वळून न बघता म्हणाल्या, "बाई ड्युटीवर आहेत."